घराची डागडुजी आणि माझी फजिती

तुर्भे म्हटले की तुम्हा शेतकरी मंडळींच्या डोळ्यांपुढे बाजार समितीचे मार्केट उभे राहते. संध्याकाळी गावाकडून भरून निघालेला कांद्याचा ट्रक पहाटे जिथे रिकामा होतो आणि आडत्याची पट्टी जिथून येते, ते तुर्भे. मी त्याच तुर्भ्याचा, पण मार्केटमधला नव्हे, गावठाणातला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले, त्यांत आमचे गावही आले. वडिलांची भातखाचरे गेली. १९८१ मध्ये मुंबईतला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार इकडे हलला, पाठोपाठ बाकीचे बाजार आले. आमच्याकडे उरले ते घर.

हे घर १९८९ पर्यंत कौलारू होते. वैशाखात शाकारणी व्हायची. गावातलीच दोन माणसे वर चढायची, एकेक कौल चाळायची, फुटके खाली द्यायची. आम्ही पोरे खालून नवे कौल हातात देत असू. दुपारी त्यांना भात आणि सुक्या मासळीचे कालवण, संध्याकाळी ठरलेले पैसे, की काम संपले. फसवायला जागाच नव्हती. काम नीट झाले की नाही हे खाली उभे राहून वर बघितले तरी समजायचे, उजेडाचा ठिपका दिसला की तिथे भोक आहे. पुढे वडिलांनी हौसेने स्लॅब टाकला. गावातला तो आठवा की नववा स्लॅब. सगळ्यांनी कौतुक केले, आई मात्र म्हणाली होती, "कौल फुटला तं आभाल दिसतं. या स्लॅपात काय दिसतं बाला?"

तेव्हा आम्ही हसलो होतो.

आता थोडे माझ्याविषयी. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. करून मी शेतीखात्यात लागलो, त्याला तीस वर्षे झाली. या तीस वर्षांत मी किती सभांतून, किती बांधांवर उभा राहून एकच पाठ सांगितला असेल याची गणती नाही. बियाणे घेताना पक्की पावती घ्या. पिशवीवरचे लेबल फेकू नका, लॉट नंबर जपा. मूठभर बियाणे पिशवीत राखून ठेवा. कारण बियाणे एकदा मातीआड गेले की चांगले कोणते नि वाईट कोणते, हे उगवेपर्यंत कळत नाही, आणि कळते तेव्हा हंगाम गेलेला असतो. माझे हे भाषण ऐकून कंटाळलेले शेतकरी पुढची वाक्ये माझ्याआधी म्हणून दाखवीत.

तर असा हा मी, स्वतःच्या घराच्या डागडुजीत कसा फसलो ते सांगतो.

२०२१ च्या पावसाळ्यात आईच्या खोलीतले छत ओघळू लागले. भाद्रपदात एका रात्री ताटाएवढा गिलावा खाली पडला, पलंगाच्या पायथ्याशी. आईचे पाय मुडपलेले होते म्हणून बचावले. वर पाहिले तर सळ्या उघड्या, तांबूस, सोललेल्या झाडाच्या फांदीसारख्या. माझी नोकरी तेव्हा रायगड जिल्ह्यात, शनिवार-रविवार घरी. पुढच्या पावसाच्या आत काहीतरी करायलाच हवे हे डोक्यात बसले.

२०२२ च्या एप्रिलमध्ये एका लग्नात एक ठेकेदार भेटला. पांढरे कपडे, गोड बोलणे, जो तो त्याला ओळखणारा. दुसऱ्याच दिवशी हातोडी घेऊन घरी आला. छताला इथे ठोक, तिथे ठोक, प्रत्येक ठोक्याला मान हलव. मग म्हणाला, "साहेब, खरं सांगू? दोन्ही खोल्यांचा स्लॅब गेलेला आहे. पावसाआधी केलं नाही तर म्हातारीला या खोलीत झोपवू नका. मग मला बोल लावू नका." आईसमोरच म्हणाला. त्यानंतर घरात दुसऱ्या कोणाला बोलवायचा विचारच उरला नाही. घाबरलेला माणूस भाव करत नाही, आणि हे त्याला पक्के ठाऊक होते. लष्करी अळीचा बाऊ करून वाटेल ते औषध शेतकऱ्याच्या गळ्यात मारणारे विक्रेते मी पाहिलेले आहेत. त्यांचा आणि याचा सूर एकच होता. पण तो सूर आपल्या घरात, आपल्या आईविषयी निघाला की ओळखू येत नाही.

फुटाला ४०० रुपये, एकंदर साडेपाचशे चौरस फूट, २ लाख २० हजार, वर गच्चीवर केमिकल फुकट आणि दहा वर्षांची हमी. हा सगळा हिशेब त्याने लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिला. बायको म्हणाली, "अहो, काही कागद करायचा का?" मी म्हणालो, "ओळखीतला माणूस आहे." एक लाख रोख दिले. साहित्य आणायला म्हणे लागतात.

काम सुरू झाले तेव्हा मी पेणला होतो. तीन पोरे आली, दोन दिवस ठोकाठोक झाली, धुळीने घर भरले. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन, "साहेब, माल संपला, सत्तर हजार पाठवा." बायकोने दिले. शनिवारी मी घरी पोहोचलो तोवर छत गुळगुळीत, वर पांढरा हात मारलेला. मी खाली उभा राहून वर पाहिले आणि म्हणालो, "वा!" इतकेच माझे निरीक्षण. त्याने फोनवरून आणखी वीस हजार घेतले, उरलेले तीस हजार गच्चीच्या कामानंतर असे ठरले. तो गच्चीवर कधी आलाच नाही.

आषाढात छतावर चहाच्या रंगाचा डाग उमटला. नवरात्रात तडा गेला. आणि दिवाळीच्या आधी भर दुपारी नव्या गिलाव्याचा दोन हात लांबीचा पापुद्रा आईच्या पलंगावर, बरोबर उशीवर आला. आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. आवाज ऐकून आत आली, पलंगाकडे पाहिले, आणि एक शब्द न बोलता आपली वाकळ उचलून ओटीवर नेऊन टाकली. त्यानंतर ती त्या खोलीत झोपली नाही. मला कोणी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

पडलेला भाग आम्ही उकलून पाहिला. सळ्यांवरचा गंज जसाच्या तसा. एका ठिकाणी खोल खड्डा भरायला सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा तुकडा कोंबून वर गिलावा थापला होता. मग मी टेप काढून दोन्ही खोल्या मोजल्या, जे मी आधी करायला हवे होते. एक बारा बाय चौदा, दुसरी दहा बाय बारा. मिळून २८८ चौरस फूट. साडेपाचशे कुठून आले? शेताची मोजणी करताना आपण वीतभर बांध इकडचा तिकडे होऊ देत नाही. आडत्याची पट्टी आली की हमाली, तोलाई, वजन सगळे दोनदा वाचतो. आणि डोक्यावरच्या छपराची मोजणी मी त्या माणसाच्या जिभेवर सोडली होती.

एके सकाळी ते तीन कामगार दारात उभे राहिले. नाक्यावर उभे राहून काम मिळवणारी पोरे. त्यांची सहा दिवसांची मजुरी ठेकेदाराने बुडवली होती, फोन उचलत नव्हता, म्हणून पत्ता विचारायला आमच्याकडे आली होती. मी चिडून खोलीत नेऊन छत दाखवले. त्यांतला थोरला खाली मान घालून म्हणाला, "साहेब, आम्ही तारेचा ब्रश काढला होता. तोच म्हणाला, घासत बसू नका, दिवस जातो, वरून मारून टाका." बायकोने त्यांना जेवू घातले, जाताना दोन हजार हातावर ठेवले. मला तेव्हा ते पटले नव्हते. आज वाटते, त्या सगळ्या व्यवहारात तेवढाच एक सरळ पैसा गेला.

ठेकेदाराच्या कार्डावरच्या पत्त्यावर मोबाइलचे दुकान निघाले. वीस हजार फोनवरून ज्या खात्यात गेले ते खाते दुसऱ्याच कोणाच्या नावाचे. बाकी सगळे रोख. एका वकील स्नेह्याकडे गेलो. तो म्हणाला, कायदा तुझ्या बाजूचा आहे, पण त्याच्या हातात देण्यासारखे तुझ्याकडे काय आहे? माझ्याकडे एक लग्नपत्रिका होती.

कायदा खरोखरच आपल्या बाजूचा आहे, तो थोडा सांगून ठेवतो. पैसे देऊन घर बांधून किंवा दुरुस्त करून घेणे ही ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवा आहे. घरबांधणी हा शब्द १९९३ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट घातला गेला. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात आपण जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवे. १९१५ या क्रमांकावर फोन करून आधी सल्लाही घेता येतो. शेतकऱ्यालाही या कायद्याचे दार उघडे आहे. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शेतकऱ्यांना ग्राहक मानले, आणि तपासणीसाठी बियाण्याचा नमुना राखला नाही म्हणून त्यांची तक्रार फेटाळता येणार नाही, असेही सांगितले. पण बियाण्याची निदान पिशवी असते, तिच्यावर कंपनीचे नाव असते. माझ्या ठेकेदारावर लेबल नव्हते.

असो. छत तर पुन्हा करायचेच होते.

या वेळी आधी एक संरचना अभियंता बोलावला, फी देऊन. हा माणूस काम घेणारा नव्हता, फक्त तपासणारा, हे महत्त्वाचे. रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असला की रोग नेहमी मोठाच निघतो. शहरात तीस वर्षांहून जुन्या इमारतीची अशी तपासणी महापालिका कायद्यानेच सांगितली आहे, माझ्या घराला तेहतीस वर्षे झाली होती आणि मला ते सुचलेही नव्हते. अभियंत्याने काँक्रीटचा चुरा हातावर घेऊन विचारले, "रेती कुठली होती?" मी म्हणालो, खाडीची. वडिलांच्या काळी तीच जवळ आणि स्वस्त. तो नुसता हसला.

मी तो चुरा बाटलीत भरून ओळखीच्या माती तपासणी प्रयोगशाळेत नेला. कॉलेजातला साधा प्रयोग. चुरा ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळला, गाळला, थोडे नायट्रिक आम्ल घातले आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. पाणी दुधासारखे पांढरे झाले. मीठ! खार जमिनीत भाताची रोपे का जळतात हे शेतकऱ्यांना समजावण्यात मी निम्मी नोकरी घालवली आणि तेच मीठ माझ्या डोक्यावर तेहतीस वर्षे बसून सळ्या खात होते. लोखंड गंजले की फुगते, मूळ जागेच्या दुपटीहून अधिक जागा मागते, आणि आतून ढकलून काँक्रीट फोडते. अशा सळीवर वरून कितीही सिमेंट थापा, ते खालीच येणार. तुमच्यापैकी जे नवे घर बांधताहेत त्यांना एवढेच सांगतो, रेती तोंडात धरून बघायलाही लाजू नका. खारट लागली तर ट्रॅक्टर परत पाठवा.

दुसरा मिस्त्री मिळाला तो बोलायला तुसडा होता. पण त्याने आधी केलेली तीन घरे दाखवली, आणि मी त्या घरांत जाऊन बायकांना विचारले की दोन पावसाळे गेल्यावर छत कसे आहे. पुरुष ठेकेदाराची बाजू घेतात, चहापाणी झालेले असते. भांडी ठेवून गळके पाणी धरणारी बाई खरे सांगते.

मुलाच्या रेघांच्या वहीचे पान फाडून आम्ही करार लिहिला. कोणत्या खोलीचे किती फूट, मोजून. काय काय करायचे ते क्रमाने. आधी गच्चीवरून पाणी बंद करायचे, मग खालून टेकू देऊन सळीच्या मागेपर्यंत फोडायचे, तारेच्या ब्रशने लोखंड चकचकीत करायचे, झिजलेल्या सळीला नवी जोड द्यायची, गंजरोधक लावायचे, मगच भरायचे. सिमेंट आणि सळी मी आणणार. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीवर ते कोणत्या आठवड्यात बनले ते छापलेले असते. तीन-चार महिन्यांचे जुने सिमेंट घेऊ नये, त्याची ताकद उतरलेली असते. रिकाम्या गोण्या आमच्या पडवीत जमा व्हायच्या, म्हणजे किती वापरल्या ते आईसुद्धा मोजू शके. आणि सळीचे वजन करून घ्यावे. सळीची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा, १६२ ने भागा, की एका मीटरचे वजन किलोत येते. १० मिलिमीटरची १२ मीटर सळी साधारण ७ किलो ४०० ग्रॅम भरते. थोडेफार इकडेतिकडे चालेल, पण काट्यावर सहाच किलो दाखवले तर सळी बारीक आहे. हा हिशेब मी आता शेततळ्याच्या गप्पांतही सांगतो, लोक वहीत उतरवून घेतात.

पैशाचे मात्र बोलणे जड गेले. पानावर लिहिले होते, साहित्य मीच आणतो तेव्हा उचल थोडीच, सळ्या साफ झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यावर पहिला हप्ता, भरणे झाल्यावर दुसरा, गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी कोंडून खाली ओल येत नाही हे पाहिल्यावर तिसरा, आणि दहावा हिस्सा पहिला पाऊस गेल्यावर. मिस्त्री म्हणाला, "साहेब, माझ्यावर विश्वास नाही का?" आपल्याकडे कागद मागणे म्हणजे अपमान. मी शरमलो, क्षणभर पान घडी करून खिशात घालावे असे वाटले. मग त्याला पहिल्या ठेकेदाराची सगळी हकिगत सांगितली, त्या तीन पोरांचीही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, त्याचेही एका ठेकेदाराकडे बारा हजार बुडाले आहेत, तोंडी बोलीवर. पेन मागून त्याने सही केली आणि खाली आपल्या हाताने एक ओळ वाढवली, की ठरल्याप्रमाणे काम दिसले तर दोन दिवसांत हप्ता द्यायचा, थांबवायचा नाही. मला ती ओळ आवडली. एकदा शनिवारी मी विसरलो तर त्याने तेच पान दाखवले.

सरकारही याच चालीने चालते, बघा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घरकुलाचे पैसे एकदम मिळत नाहीत. जोते, भिंत, छप्पर, ज्या त्या टप्प्याचा जागेवर काढलेला फोटो गेला की हप्ता येतो. आपण त्याला नावे ठेवतो, चकरा मारायला लागतात म्हणून, आणि चकरा खऱ्याच. पण तेच हप्ते हातात पडले की घरकुलवाला ते सगळे एकदम ठेकेदाराच्या हवाली करतो, हेही मी गावोगाव पाहिले आहे.

अभियंत्याला मी शेवटी विचारले, हमी किती वर्षांची? तो म्हणाला, "मी हमी देत नाही. मीठ आत आहे. दरवर्षी पावसाआधी ठोकून बघा, पोकळ वाजलं तर फोन करा." पहिल्याने दहा वर्षे सांगितली होती, याने एकही नाही. मला याच्या उत्तराने झोप लागली. आता आमच्याकडे वैशाखात पुन्हा शाकारणीचा दिवस असतो, फक्त कौलांऐवजी हातोडी.

सळ्या घासून झाल्या तेव्हा भरण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढले. सगळ्या सळ्या, एकेक कोपरा. काम संपले, पहिला पाऊस झाला, मिस्त्री उरलेला हिस्सा घेऊन गेला. आई ओटीवरच झोपत होती. मी म्हणालो, "आई, छत झालं." ती म्हणाली, "मागल्या येलालाबी झाला व्हता." मग मी तिच्याजवळ बसून मोबाइल उघडला. तिने चष्मा लावला आणि बोट ठेवून सळ्या मोजायला लागली. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. अठरा झाल्या. मग उठून खोलीत गेली, छताकडे बघत उभी राहिली, जणू त्या अठरा तिला गिलाव्यातून दिसत होत्या, आणि मला म्हणाली, "पलंग जरा भिंतीकडं सरकव."